विजेचा उंबरठा

कोणत्याहि यंत्राची स्तुति करावयाची झाली म्हणजे लोक त्याच्या कर्तृत्वाकडे पाहतात. त्याच्या पोटापाण्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. घड्याळ वेळ दाखवितें, बिनतारी यंत्र हवेंतून निरोप नेतें, हें आपण कौतुकानें सांगतों. परंतु तें यंत्र जगतें कशावर, त्याच्या अंगांत वीज कोणत्या दारानें शिरते, आणि त्या दारीं कोणी भलताच चार्जर घेऊन उभा राहिला तर काय होतें, या गोष्टी कंटाळवाण्या समजून आपण सोडून देतों. आज मला त्या कंटाळवाण्या गोष्टींविषयींच चार शब्द लिहावयाचे आहेत. विद्यार्थिमित्रांनीं एवढ्यावरूनच पान उलटूं नये, अशी त्यांस विनंति आहे.

आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याची मोठी टाकी आहे. विहिरीवरील पंप सुरू केला कीं ती भरते. पण भरली कीं नाहीं हें पाहण्यास कोणास तरी चार जिने चढून जावें लागे. हें काम वर्षानुवर्षें रात्रीचे पहारेकरी करीत असत. सर्व मुलें त्यांस मामा म्हणतात. मीहि मामाच म्हणतों. वय साठीच्या पलीकडे, गुडघे दुखरे. तरी रात्रीं दहा वाजतां एकदां आणि पहांटे चार वाजतां एकदां, हातांत विजेरी घेऊन ते जिना चढत. दोन वर्षांपूर्वीं विज्ञानमंडळांतील नववीच्या मुलांनीं त्यांच्यासाठीं एक लहानसा डबा केला. टाकीच्या झांकणाखालीं बसविलेलें एक उपकरण पाण्याच्या दिशेनें ध्वनि सोडतें आणि प्रतिध्वनि किती वेळानें परत आला त्यावरून पाण्याची पातळी ओळखतें. ती पातळी बिनतारी मॉड्यूलच्या द्वारें खालीं मामांच्या खोलींत पाठवावयाची आणि तेथील दर्शकावर ती दिसावयाची, अशी ती योजना. मॉड्यूल ईएसपी ३२ या चिपेचें होतें. शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीनें ती चिप २०१६ सालीं बाजारांत आणली, आणि शाळांच्या प्रयोगशाळांतून ती आतां पुष्कळ ठिकाणीं आढळते. हें मॉड्यूल ज्यावर आधींच बसविलेलें आहे असा एक तयार बोर्ड शाळेनें विकत आणला. वीज घेण्यासाठीं त्यावर यूएसबी-सी पद्धतीचें सॉकेट होतें. म्हणजे हल्लीं बहुतेक नव्या मोबाईलला असतें तसें, दोन्हीं टोकांस गोलसर, उलटें सुलटें कसेंहि बसणारें.

डबा उत्तम चालला. मामांचे जिने चुकले. दिवाळी गेली, नाताळ गेला. आणि एप्रिल महिन्यांत, ऐन परीक्षेच्या दिवसांत, एके सकाळीं साठ मुलें बादल्या घेऊन उभीं राहिलीं तों नळास पाण्याचा थेंब नाहीं! रात्रीं कोठें तरी एक नळ उघडा राहिला होता आणि टाकी कोरडी पडली होती. मामांच्या दर्शकावर मात्र 'पूर्ण' हाच शब्द झळकत होता. कारण नवा निरोप येईपर्यंत जुना धरून ठेवावयाचा, अशी त्या दर्शकाची रीत. गच्चीवरील डबा आदल्या संध्याकाळपासून मुका होता. त्या संध्याकाळीं त्याचा जुना चार्जर कोणास तरी हवा होता, म्हणून मामांस दुसरा, अगदीं कोरा चार्जर देण्यांत आला आणि त्यांनीं तो स्वतः वर जाऊन जोडला होता. मग काय विचारतां? "मामांनीं पिन नीट बसविली नसेल," असा निकाल न्याहारीच्या आधींच लागला. मुलांनीं तो लाविला, मोठ्यांनीं मान्य केला. दुपारीं मामा प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन उभे राहिले. "सर, पिन मी पक्की बसवली होती हो. आवाज आला होता बसल्याचा," एवढेंच ते म्हणाले.

म्हाताऱ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास पुराव्याची गरज नसावी. परंतु वसतिगृहाचें मत बदलावयाचें तर पुरावा पाहिजे. तो मिळविण्यास अर्धा तास लागला. जुना चार्जर जोडला, कीं डबा जिवंत. नवा जोडला, कीं मृत. नव्या चार्जरवर मोबाईल लावून पाहिला, तो तत्काळ भरूं लागला. तेव्हां चार्जर बिघडला आहे असें म्हणण्यास जागा उरली नाहीं. केबल तीच. अखेर मल्टीमीटरचीं टोकें बोर्डाच्या सॉकेटाशीं टेकविलीं, तों दाब शून्य. पिन पूर्ण बसली होती आणि तरीहि नवा चार्जर विजेचा एक कणहि बाहेर सोडीत नव्हता. बोर्ड उलटा करून भिंगाखालीं पाहिला तेव्हां कारण दिसलें. जेथें तांदळाच्या कणीपेक्षांहि लहान असे दोन रेझिस्टर असावयास हवे होते तेथें कांहींच नव्हतें. बनविणारानें ते गाळले होते. दोहोंची मिळून किंमत चहाच्या एका कपाइतकीहि नाहीं.

त्या रात्रीं भोजनगृहांत व्यवस्थापकांनीं सर्व मुलांसमक्ष सांगितलें कीं मामांची पिन बरोबर होती. माझ्या दृष्टीनें या साऱ्या प्रकरणांतील हाच सर्वांत महत्त्वाचा निकाल. परंतु दोन रेझिस्टर नसल्यानें चांगला चार्जर वीज देण्याचें कां नाकारतो, हा प्रश्न मुलांच्या डोक्यांतून जाईना. आणि त्याचें उत्तर द्यावयाचें तर थोडें मागें जाणें भाग आहे.

यूएसबी या व्यवस्थेचा पहिला अधिकृत मसुदा १९९६ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं संगणकास कळफलक एका प्रकारच्या पिनेनें, छपाईयंत्र दुसऱ्या, माउस तिसऱ्या, असा सावळागोंधळ होता. सात कंपन्यांनीं मिळून तो मोडला. इंटेल कंपनीच्या ज्या मंडळींनीं या कामांत पुढाकार घेतला त्यांत अजय भट्ट हे प्रमुख होते, आणि त्यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण आपल्या शेजारच्या बडोद्यास, महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें, हें मराठी वाचकांस कळावें असें मला वाटतें. या व्यवस्थेचें मूळ काम माहितीची देवघेव. वीज ही तिच्याबरोबर मिळणारी. दाब पांच व्होल्ट. नवागतानें प्रथम १०० मिलिअँपिअरपेक्षां अधिक प्रवाह घ्यावयाचा नाहीं. आपण कोण, आपणांस किती हवें, हें संगणकास कळवावयाचें. आणि परवानगी मिळाल्यावर ५०० पर्यंत जावयाचें, असा २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा शिष्टाचार होता. पाळणारे तो पाळीत. न पाळणारे सरळ हात मारीत. कारण चपट्या जुन्या सॉकेटांत पांच व्होल्ट सदैव हजरच असत. अन्नछत्रांत येणारास नांवगांव विचारीत नाहींत, तसा तो प्रकार.

२०१४ च्या ऑगस्टमध्यें यूएसबी-सी आली आणि अन्नछत्राच्या जागीं पंगत आली. या नव्या सॉकेटांत चोवीस स्पर्शबिंदु आहेत, आणि केबलीचीं दोन्हीं टोकें सारखींच असूं शकतात. सोय मोठी, पण तिच्यांतून एक धोका उद्भवतो. दोन्हीं टोकें सारखीं म्हटल्यावर कोणी दोन चार्जरच एकमेकांस जोडले तर? दोघेहि वीज ढकलूं लागतील. म्हणून नियम असा झाला कीं पलीकडे घेणारा आहे अशी खूण पटल्याखेरीज देणारानें वीज सोडावयाचीच नाहीं. पंगतींत पान मांडलेलें दिसल्याशिवाय वाढपी वाढीत नाहीं. रिकाम्या जमिनीवर कोणी भात वाढतो काय? ५.१ किलोओहमाचा रेझिस्टर हें तें मांडलेलें पान. सॉकेटांत सीसी या नांवाचे दोन बिंदु असतात. त्या प्रत्येकापासून जमिनीच्या तारेपर्यंत असा एक रेझिस्टर लावावयाचा. चार्जर आपल्या बाजूनें त्या तारेवर किंचित् दाब देऊन पाहतो. रेझिस्टर सांपडला कीं पांच व्होल्ट सुरू. न सांपडला तर तो स्वस्थ बसतो. नवा चार्जर स्वस्थ बसला होता तो यामुळेंच.

मग जुन्या चार्जरवर तोच बोर्ड इतके महिने कसा चालला? कारण त्याचें सॉकेट जुन्या चपट्या घडणीचें होतें. तेथें वीज सदैव बाहेरच मांडलेली. एका टोकास चपटी व दुसऱ्या टोकास नवी पिन असलेली केबल लाविली कीं बोर्डानें पान मांडलें नसलें तरी वाढप होतच राही. दोष असूनहि तो झांकला जाई. विकणारानें आपल्या टेबलावर अशीच केबल लावून बोर्ड तपासला असेल आणि समाधानानें पेटींत भरला असेल, असा माझा तर्क आहे.

या खुणेंत आणखी एक बारकावा आहे, आणि मुलांस तोच सर्वांत आवडला. चार्जर केवळ 'वीज आहे' एवढेंच सांगत नाहीं. किती आहे हेंहि सांगतो. आपल्या ५.१ किलोओहमाच्या रेझिस्टरवर मल्टीमीटर लावावा. सुमारें ०.४ व्होल्ट दिसले तर साधारण प्रवाह, ०.९ दिसले तर दीड अँपिअरपर्यंत, १.७ च्या आसपास दिसले तर तीन अँपिअरपर्यंत घेण्यास हरकत नाहीं. न बोलतां, न लिहितां, एका तारेवरच्या दाबानें एवढा करार होतो. आम्हीं घरोघरचे चार्जर आणून हें मोजलें तेव्हां आंकडे वहींतील गणिताशीं जुळत गेले, आणि ज्या मुलास ओहमचा नियम परीक्षेपुरता वाटत होता तो त्या दिवशीं घंटा झाली तरी उठेना.

जुन्या बोर्डावर बाहेरून दोन रेझिस्टर डागून काम भागलें असतें. परंतु सॉकेटाचे ते बिंदु इतके जवळजवळ होते कीं आमच्या डागण्याच्या लोखंडाचें टोंक त्यांपुढें मुसळासारखें दिसे. शिवाय मुलें आतां पेटलीं होतीं. मॉड्यूल सुटें आणावयाचें आणि त्याच्या विजेचा मार्ग आपण स्वतः आंखावयाचा, असें ठरलें.

पहिला प्रश्न निघाला तो काटकसरीचा. सीसी बिंदु दोन. पण केबलींतून एका वेळीं त्यांपैकीं एकच जोडला जातो, मग दोन्हीं बिंदु एकत्र बांधून एकच रेझिस्टर लाविला तर? प्रश्न करणारा मुलगा हुशार आहे, आणि त्याचा विचार एकट्याचा नाहीं. २०१९ सालीं निघालेल्या रास्पबेरी पाय ४ या जगप्रसिद्ध लहान संगणकांत नेमकें हेंच केलेलें होतें. साध्या केबलीवर तो चालला. पण कांहीं भारी केबलींच्या पोटांत आपली ओळख सांगणारी स्वतंत्र चिप असते, आणि ती दुसऱ्या बिंदूवर सुमारें एक किलोओहमाची खूण ठेविते. बिंदु एकत्र बांधलेले, म्हणून दोन्हीं खुणा मिसळल्या आणि चार्जरास वाटलें कीं पलीकडे कानांत घालावयाचें श्रवणयंत्र जोडलें आहे. त्यानें वीज दिली नाहीं. त्या संगणकाच्या निर्मात्यांनीं हें उघडपणें मान्य केलें आणि पुढील आवृत्तींत सुधारलें, ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे. आम्हीं दोन बिंदूंस दोन रेझिस्टर दिले.

यापुढचा भाग मॉड्यूलच्या भुकेचा. बिनतारी यंत्राची भूक विलक्षण असते. बहुतेक वेळ तें झोंपेंत असतें, आणि गाढ झोंपेंत त्या चिपेस कांहीं मायक्रोअँपिअर पुरतात. पण निरोप पाठविण्याच्या क्षणीं तीच चिप एकाएकीं सुमारें २४० मिलिअँपिअर ओढते. आणि विजेचा पुरवठा निदान ५०० मिलिअँपिअर देणारा असावा, अशी निर्मात्यांची सूचना आहे. येथें दिवसाची सरासरी काढून चालत नाहीं. वसतिगृहांत राहणारांस हें समजावून सांगावें लागत नाहीं. चोवीस तासांत प्रत्येकाच्या वांट्यास किती पाणी आलें हा हिशेब कागदावर सुंदर दिसतो, पण सकाळीं सहा वाजतां साठ जणांनीं एकदम नळ सोडले म्हणजे शेवटच्या नळाची धार करंगळीएवढी होते. विजेच्या दाबाचेंहि तसेंच होतें. तो ठराविक मर्यादेखालीं गेला कीं हें मॉड्यूल बंद होऊन पुन्हा आरंभापासून उठतें. उठतांच निरोप पाठवूं पाहतें. पाठवितांच दाब पुन्हा खचतो. बाहेरून पाहणारास डबा भारलेला वाटतो. वस्तुतः तो उपाशी असतो.

आतां तारेचा हिशेब पाहा. स्वस्त केबलींत विजेच्या तारा बहुधा २८ गेजच्या असतात. तसल्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरास सुमारें ०.२१ ओहम. वीज जाते आणि परतहि येते, म्हणून दोन मीटरांच्या केबलींत चार मीटर तार, म्हणजे सुमारें ०.८५ ओहम. त्यांतून अर्धा अँपिअर गेला तर ०.४२ व्होल्ट वाटेंतच गळाले. चार्जर मुळांतच थोडा कमी, म्हणजे ४.७५ व्होल्ट देणारा असला तर डब्याच्या दारीं ४.३३ उरतात. मॉड्यूलला हवे ३.३, मधला रेग्युलेटर पांचाचे तीन पूर्णांक तीन दशांश करून देतो. जुन्या बोर्डावरील रेग्युलेटर परिचित पण खर्चिक जातीचा होता. त्यास स्वतःसाठीं एक व्होल्टाहून अधिक, जोर पडल्यास १.३ व्होल्टपर्यंत दाब लागे. म्हणजे ४.६ हवे आणि मिळाले ४.३३! आम्हीं त्याऐवजीं ६०० मिलिअँपिअर देणारा आणि पूर्ण भारावरहि फार तर ०.४ व्होल्टांत भागविणारा रेग्युलेटर निवडला. मग ३.७ पुरतात. ही वजाबाकी फळ्यावर मांडली तेव्हां कोणी तरी मागच्या बांकावरून म्हणालें, "सर, हा तर आमच्या बाबांच्या पगाराचा हिशेब आहे!" पालकांनीं रागावूं नये.

कपॅसिटरविषयीं मात्र वाद झाला. एका मुलाचें म्हणणें, दाराशींच एक हजार मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर ठेवावा. टाकीसारखा तो भरून राहील आणि अडीअडचणीस उपयोगीं पडेल. विचार वाईट नव्हता. परंतु यूएसबीच्या नियमांत दाराशीं थेट जोडावयाच्या कपॅसिटरची मर्यादा दहा मायक्रोफॅरड आहे, आणि तिला कारण आहे. रिकामा कपॅसिटर जोडल्या क्षणीं वैशाखांतल्या जमिनीसारखा वीज पितो. त्याच संगणकावर शेजारीं दुसरें कांहीं जोडलेलें असेल तर त्याचा दाब खचतो. स्वतःची सोय पाहतांना शेजाऱ्याचा नळ बंद पाडावयाचा नाहीं. तेव्हां दाराशीं दहा, आणि रेग्युलेटरच्या पलीकडे मॉड्यूलच्या अगदीं जवळ बावीस मायक्रोफॅरड, असें ठरलें. मग त्या बाविसांत किती मावतें तेंहि काढून पाहिलें. ३.३ व्होल्टांना भरलेले बावीस मायक्रोफॅरड २४० मिलिअँपिअरच्या भुकेपुढें एका मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शांत संपतात! म्हणजे कपॅसिटर हा केवळ रेग्युलेटर हालचाल करीपर्यंतची शिदोरी. पुढचा प्रवास रेग्युलेटरनें आणि केबलीनेंच करावयाचा. वाद घालणारा मुलगा हें गणित स्वतः करून गप्प बसला, आणि दुसऱ्या दिवशीं घरून जाड तारेची केबल घेऊन आला.

जागेचीहि कांहीं शिस्त पाळावी लागली. मॉड्यूलच्या एका टोकास नागमोडी रेघेसारखा अँटेना असतो. त्याच्या भोंवतीं निदान पंधरा मिलिमीटरपर्यंत धातु नसावा, अशी निर्मात्यांची सूचना आहे. आणि यूएसबीचें सॉकेट म्हणजे धातूचें घरच. तें आम्हीं बोर्डाच्या अगदीं विरुद्ध टोकास नेलें. हें बिनतारी मॉड्यूल २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतें. वेगवान यूएसबी ३ च्या तारा व सॉकेटें त्याच लहरींत कोलाहल करतात, असें इंटेलनेंच २०१२ सालीं मोजून प्रसिद्ध केलें होतें. आमच्या डब्यांतून तसली माहिती वाहत नाहीं, म्हणून ती चिंता नव्हती. चिंता होती ती मुलांच्या हातांची. सॉकेट केवळ पृष्ठावर डागलें तर कोणी केबल ओढतांच तें बोर्डासकट उखडून येतें. यासाठीं ज्याच्या धातूच्या घराचे चारी पाय बोर्डांतून आरपार जातात असें सॉकेट घेतलें. पिन दहा हजार वेळां घालतां काढतां यावी अशी यूएसबी-सीची अपेक्षा आहे. पण ती सरळ काढणारासाठीं, ओढणारासाठीं नव्हे. आणि पाऊस! डबा जिन्याच्या माथ्यावरील खोलींत ठेविला तरी केबलीच्या अंगावरून पाणी ओघळत सॉकेटापर्यंत येऊं शकतें. आमच्या गांवच्या वायरमननें सांगितलेली युक्ति येथें उपयोगी पडली. केबलीस सॉकेटाच्या खालीं एक झोळ द्यावयाचा आणि मग ती वर वळवावयाची; थेंब झोळाच्या तळाशीं येऊन गळून पडतो.

दोन गोष्टी मामांसाठीं वाढविल्या. विजेच्या दाराशीं एक लहान हिरवा दिवा लाविला. वीज आंत आली कीं तो पेटतो, बिनतारी भाग चालो अथवा न चालो. आणि दहा मिनिटें वरून निरोप न आल्यास खोलींतील दर्शक ओरडतो. त्याचा आवाज फार कर्कश आहे. मुलांना तो गोड करावयाचा होता. मामांनीं करूं दिला नाहीं.

परीक्षेचा दिवस, म्हणजे डब्याच्या परीक्षेचा, मोठा मौजेचा झाला. मुलांनीं घरोघरून चौदा चार्जर आणि बावीस केबली आणल्या होत्या. प्रत्येक जोडी प्रथम सुलटी, मग उलटी लावून पाहिली. एका पालकांनीं आपल्या लॅपटॉपची, पोटांत चिप असलेली जाड केबल मोठ्या मनानें पाठविली. तिच्यावरहि डबा तत्काळ जागा झाला. एक केबल दोन्हीं बाजूंनीं नापास झाली. ती कापून पाहतां आंतील तार केसासारखी निघाली आणि ती केबल आतां आठवीच्या वर्गास दाखविण्यासाठीं कपाटांत आहे. दोन पॉवरबँका मात्र थोड्या वेळानें आपोआप बंद पडत. त्यांचा अपराध नाहीं. मॉड्यूल झोंपलें कीं प्रवाह इतका थोडा होतो कीं जोडलेलें यंत्र भरलें, आतां आपलें काम संपलें, अशी त्यांची समजूत होते. मग ज्या कोऱ्या चार्जरवरून एवढें रामायण घडलें तो आणविला. तो मामांच्या हातीं दिला. त्यांनीं पिन घातली, ती बसल्याचा आवाज झाला आणि हिरवा दिवा लागला. ते कांहीं बोलले नाहींत. पिन काढून, उलटी करून त्यांनीं ती पुन्हा घातली.

वीज गेली असतां काय करावें, हा प्रश्न अद्याप सुटावयाचा आहे. तो दहावींत गेलेल्या मुलांनीं यंदाच्या नववीवर सोंपविला आहे. डब्यांत लिथियमचा सेल ठेवावयाचा तर यूएसबीची वीज सेलांत अथवा सेलाची वीज चार्जरांत उलटी शिरतां कामा नये; त्यासाठीं वाटेंत डायोड घालावा लागेल. शॉट्की जातीचा डायोड घेतला तरी तो ०.३५ व्होल्टांच्या आसपास दाब खातो. नववीच्या मुलांनीं वजाबाकी करून आणली आहे. ४.३३ मधून ०.३५ गेले, उरले ३.९८, हवेत ३.७. हातीं ०.२८ व्होल्ट राहतात. तेवढे पुरतील, असें वर्गांतील निम्म्या मुलांचें मत आहे. उरलेल्या निम्म्यांनीं जाड तारेची केबल मागितली आहे, आणि सेल भरण्याचें स्वतंत्र मंडल कसें असावें याचीं दोन रेखाचित्रें प्रयोगशाळेच्या फळ्यावर या घटकेस समोरासमोर काढलेलीं आहेत.